दिवाळसणाच्या लॅपटॉपवरचा ऊस

सासऱ्यांचा उभा ऊस मी दिवाणखान्यात बसल्याबसल्या, एक बटण ओढून नाहीसा केला.

हेतू चांगला होता. (माझे हेतू नेहमी चांगलेच असतात, घोळ त्यानंतर होतो.) श्रीगोंद्याकडच्या आमच्या मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि विश्रांतीसाठी ते नगरला आमच्याकडं आले. 'आमच्याकडं' हे आपलं लिहायचं म्हणून. घर त्यांनीच लेकीच्या शिक्षणासाठी बांधलेलं. मला नगरजवळच्याच नागापूरच्या कारखान्यात नोकरी, म्हणून लग्नानंतर 'दुसरं मिळेपर्यंत' मी तिथं राहायला आलो, ते दुसरं अजून मिळतंच आहे!

डॉक्टरांनी घरातल्या घरात चालायला सांगितलं होतं, शेतात नाही. पण मामा रोज सकाळी टोपी घालून, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसायचे.

"पाव्हणं, यष्टीवर सोडता का? उसाला पानी द्यायचंय."

"मामा, गडी आहे ना तिकडं."

"गडी पानी देतो वो. उसाकडं बघत न्हाई."

तो चेहरा बघून मला खरंच वाईट वाटायचं. त्यात बायकोनं, अर्चनानं, बजावलेलं, "गुडघा बरा व्हायच्या आत अण्णा गावाला गेले, तर मागोमाग तुम्हीपण जायचं. ऊस तोडायला!"

मग मला सुचलं, ट्रॅक्टरचा गेम! नांगरणी, लावणी, सगळं पडद्यावर. गेम अगदी नवा. लॅपटॉप मात्र जुना, पहिल्या दिवाळसणाला मामांनीच जावयाला घेतलेला. दिवाळसणाच्या वस्तूला सासऱ्यांसमोर नावं ठेवता येत नाहीत. पुढच्या घोळाचं मूळ ते हेच.

गेम सुरू झाला आणि लॅपटॉपचा पंखा मळणी यंत्रासारखा घरघरायला लागला. मामा खूश!

"ट्रॅक्टरचा आवाज लई झ्याक हाय!"

(ट्रॅक्टरचा आवाज मी मगाशीच बंद केला होता.)

मामांनी उसाच्या कडेनं ट्रॅक्टर घातला. तो गचके खात, थांबत, मध्येच उडी मारत चालला.

"डिझेलमधी हवा धरलीय," मामांनी निदान केलं.

लॅपटॉपला झेपत नाही असं कसं सांगणार? "हवाच असणार, मामा," म्हणत मी सेटिंगमध्ये शिरलो आणि सावल्या बंद केल्या.

"एकदम ऊन कसं काय पडलं?"

"दुपार झाली, मामा."

गचके तसेच. मी चित्राचा बारीकपणा कमी केला, तसा ट्रॅक्टर चौकोनी डबे रचल्यासारखा दिसायला लागला. मामांनी चष्मा पुसला. परत पुसला.

"अर्चे, मला मोतीबिंदू हुतोय का गं? डॉक्टरनं गुडघा नीट केला आन् डोळं बिघडवलं!"

डोळ्यांवरून लक्ष उडावं म्हणून मी घाईघाईनं झाडं काढून टाकली.

"बांधावरची झाडं कुठं गेली?" मामांचा आवाज चढला. "त्या शेजारच्याचंच काम! बांध कोरून कोरून पोट भरलं न्हाई त्याचं!"

"मामा, गेममध्ये शेजारी नसतो."

"शेजारी न्हाई? मग बांध कशाला हाय?"

मी परत सेटिंगमध्ये शिरलो. पिकं किती लांबपर्यंत दिसावीत यासाठी एक बटण होतं. शेवटचा उपाय म्हणून ते पार खाली ओढलं आणि काय सांगू, ट्रॅक्टर सुसाट पळायला लागला! मी मोठ्या ऐटीत वळलो, तर मामा उभे. पडद्यावर काळंभोर, मोकळं रान.

"ऊस?"

"आहे मामा. जवळ गेलं की दिसतो."

"ऊस काय ससा हाय का, लपायला? टोळीनं तोडून न्हेला! म्या हितं बसलोय आन् तिकडं..." 'तिकडं' म्हणजे नेमकं कुठं, हा विचार त्यांनी सोडून दिला होता. एका हातानं भिंत धरून ते दुसऱ्या हातानं पिशवी शोधायला लागले. "चला, यष्टी गाठू!"

स्वयंपाकघराच्या दारात अर्चना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला माझ्या हातातला कोयता दिसायला लागला. दिवाळसण गेला खड्ड्यात!

"मामा, थांबा! ऊस जागेवर आहे, लॅपटॉपला तो दाखवता येत नाही. चित्रं काढायला याला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. जे आहे ते प्रोसेसरच्याच घरात राहतं, त्याचीच मेमरी वापरतं. स्वतःचं असं काही नाही. आणि काम जरा जास्त सांगितलं की तापतं!"

मामा सावकाश खाली बसले. थोडा विचार केला.

"म्हंजे घरजावई!"

अर्चना पटकन आत गेली. आत गेली तरी हसू बाहेर ऐकू येत होतं.

"तसं न्हाई वो, पाव्हणं," मामा गडबडून म्हणाले. म्हणजे तसंच होतं. मग त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला. "आरं, तापलाय की गरीब! आदी सांगायचं न्हाई व्हय? लई राबवू नका त्याला. ऊस नसला तर नसू द्या. रान मोकळं हाय, हरबरा टाकू."

आणि गुडघा बरा होईपर्यंत मामांनी खरंच ते मोकळं रान कसलं. पिशवी खुंटीला लागली. नांगरून झालं की ते लॅपटॉप पंख्याखाली ठेवायचे, 'दमला आसंल' म्हणून. असा सासरा मिळाला हे माझं नशीब, आणि हे मी घरात राहतो म्हणून म्हणत नाही.

मामा आता गावी, खऱ्या उसात आहेत. संध्याकाळी त्यांचा अर्चनाला फोन येतो.

"काय म्हनतोय घरजावई?"

"तापतो लगेच. दोन कामं एकदम सांगितली की अडकतो. पण चालू आहे."

"आसू दे. आपलाच हाय. सांभाळून घे."

त्या जुन्या लॅपटॉपवरची एवढी माया बघून मलाही भरून आलं असतं. पण हरभरा काढायचा राहिलाय म्हणून मामा जाताना लॅपटॉप सोबत घेऊन गेलेत!