सगळेच करतात ती सही

शहराच्या नोव्हेना भागातल्या एका रुग्णालयात मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा बदलण्याआधी पेशंटकडून व्यायाम करून घेणं हे माझं काम. बल्गेरियाच्या आजी त्यासाठीच यायच्या. लेक इथे नोकरीला, सेरंगून भागात राहणारी; दुभाषीही तीच. आजींचं स्वतःचं घर तिकडे एका लहान गावात, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. नवा गुडघा घेऊन त्यांना त्या जिन्यावर परत जायचं होतं. लेकीकडे कायमचं राहण्याचा विषयच नव्हता.

पाय उचला म्हटलं की त्या लेकीकडे बघून पुटपुटायच्या.

"काय म्हणतात?"

"म्हणते, कम्युनिस्टांच्या राज्यात कारखान्यात रोज रेडिओवर कवायत असायची. लोकशाही आली तेव्हा वाटलं, सुटलो."

"त्यांना सांगा, अजून दहा वेळा."

ऑपरेशनला दोन दिवस होते, तरी संमतीपत्रावर सही नव्हती. सर्जनचं सगळं समजावून सांगून झालं होतं. आजींनी अखेर पेन हातात घेतलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचून दाखवायला सांगितलं. बाहेर माझे तीन पेशंट खोळंबले होते. मी म्हटलं, "आजी, करून टाका. सगळेच करतात. नुसती फॉर्मॅलिटी आहे."

लेकीने भाषांतर सुरू केलं आणि मधेच तिचा आवाज खाली गेला. आजींनी पेन ठेवलं.

मग त्या बोलल्या, लेक सांगत गेली. आजी सूतगिरणीत पाळीप्रमुख होत्या. राजवट बदलली, आणि काही वर्षांनी सरकारने लोकांना कारखान्यांच्या मालकीची कुपनं दिली; कारखाने आता तुमचेच, म्हणाले. पाठोपाठ चांगला कोट घातलेला एक माणूस गिरणीच्या कँटीनमध्ये आला. कुपनं आमच्या फंडाच्या नावे करा, आम्ही सांभाळतो, इथे सही करा. सगळेच करताहेत, नुसती औपचारिकता. आजींनी पहिली सही केली. त्यांची बघून पाळीतल्या सगळ्या बायकांनी केली. दोन हिवाळ्यांत फंडाने गिरणी बंद केली, यंत्रं भंगारात गेली. त्या बायकांतल्या कोणी ग्रीसमध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला गेल्या, कोणी स्पेनला स्ट्रॉबेरी तोडायला. एक अजूनही समोर आली की रस्ता ओलांडून पलीकडे जाते.

"हा फॉर्म वेगळा आहे," मी म्हटलं. "मी ओळन् ओळ वाचून दाखवते."

आजी हसल्या. "तोही वाचून दाखवायला तयार होता," लेकीने सांगितलं. "घाई आम्हालाच होती."

मी बाहेरचे पेशंट दुसरीकडे पाठवले आणि तासभर बसले. सर्जनलाही बोलावलं. आजींनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या हातावर थोपटलं आणि सही न करताच पर्स उचलली. ऑपरेशन रद्द झालं. पुढच्या महिन्यात त्या परत गेल्या.

परवा लेक रुग्णालयाच्या लिफ्टपाशी भेटली. आईला शेजाऱ्यांनी धरून वर नेलं, तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही, म्हणाली. खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडते, पावाचं दुकान खालीच आहे.

"घरातल्या घरात व्यायाम करतात का?" मी विचारलं.

"करते. रोज सकाळी, रेडिओ लावून."

'सगळेच करतात' हे वाक्य मी आता कुठल्याच पेशंटला म्हणत नाही. आजींना त्याचा काही उपयोग नाही.