कसौलीच्या वाटेवरची साडी

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. आणि सांगताना गळा काढणार नाही — मला संताप येतोय, माझा स्वतःचा!

नव्वदच्या दशकात आमची बदली चंदीगडला झाली. तिथल्या मराठी मंडळाच्या सहली मीच ठरवायची. कोण येणार, डब्यात काय — सगळं मला विचारून. मग यांच्याच ऑफिसात जळगावहून साधनाचा नवरा आला. ही साधना कॉलेजात गड चढलेली. आल्या आल्या सगळ्या बायका तिच्याभोवती! माझ्या पोटात दुखलं. दुसरं काय?

परवाणूहून कसौलीला पायवाटेनं चढायचं ठरलं, तशी ती घरी आली. सेक्टर बावीसच्या बाजारातून घेतलेले बूट, सलवार-कमीज, जुना स्वेटर — सगळं पिशवीत भरून दाखवायला आणलेलं. "ताई, एवढं पुरे ना?" डोंगरात काय घालायचं ते तिला कळत नव्हतं का? माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मंडळाची रीत तेवढी ठाऊक नव्हती, म्हणून विचारलं. आणि मी म्हटलं, "अगं, मंडळाची सहल ती. सगळ्या साडीच नेसतात. वाट सोपी आहे, सँडल चालेल."

मी स्वतः? ट्रॅक पँट आणि कॅनव्हासचे बूट! बसमध्येच तिचं हसू झालं. तेवढंच हवं होतं मला. खरंच तेवढंच? कुणास ठाऊक. अर्ध्या वाटेत चीडच्या झाडांच्या वाळक्या, सुयांसारख्या पानांवर तिची सँडल घसरली, निऱ्यांत पाय अडकला, आणि गुडघ्याचं हाड मोडलं.

तिचा नवरा सगळ्यांदेखत ओरडला, "डोंगरात साडी? अक्कल आहे का?" तिनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी खरं बोलायचं ना मी? बोलले — "मी सांगितलं होतं हिला, बूट घाल म्हणून."

आणि ती मेली उलट "चुकलंच माझं," म्हणाली. का नाही भांडलीस गं? झिंज्या उपटायच्या होत्यास माझ्या!

ऑपरेशन झालं, पण गुडघा पूर्ण वाकेना. नवऱ्यानं तिला पुन्हा एकाही डोंगरावर पाठवलं नाही. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. निरोप घ्यायला आले, तेव्हा तो म्हणाला, "ताईंच्या पाया पड. त्यांचं ऐकलं असतंस तर ही वेळ आली नसती."

भिंतीला हात टेकून, तो पाय ताठ ठेवून ती कशीबशी वाकली. मी तिला अडवलं नाही. डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.