पॅसेजमधले डाग

आमचे हे रंगारी. चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली. सहाव्या मजल्याबाहेर दोराला लटकून खिडक्यांच्या चौकटी रंगवायचे आणि मी खाली जीव मुठीत धरून उभी राहिले की वरून ओरडायचे, "घरी जा, मान आखडेल." असा हा माणूस गेल्या वर्षी आमच्याच बाथरूममध्ये पडला. तोही कोरड्या फरशीवर.

दाराला आतून कडी होती. ह्यांना उठता येईना आणि दार तोडायचं बळ माझ्यात नव्हतं. शेजारी कामावर गेलेले. सुतार येईपर्यंत दीड तास मी दाराला कान लावून बसले होते. आधी हे मला शिव्या देत होते, तोवर बरं होतं. मग गप्प झाले. त्या शांततेची भीती अजून माझ्या पोटातून गेलेली नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "आजी, हे पुन्हा पडले तर अंथरुणातून उठणार नाहीत. तोल सुधारायला हवा. त्याला गोळी नाही, व्यायामच आहे."

म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये जायला लागलो. तिथे म्हाताऱ्यांना तोल सांभाळायला शिकवतात. शिकवणारी पोरगी आमच्या नातीच्या वयाची, गळ्यात शिट्टी, म्हणून मी तिला शिट्टीच म्हणते. प्रत्येकापुढे एक खुर्ची. तिची पाठ धरून एका पायावर उभं राहायचं. आधी दोन्ही हातांनी, मग एका हाताने, मग दोन बोटांनी, आणि शेवटी काहीच न धरता. हे दोन बोटांवर येऊन जे अडकले ते तीन महिने तिथेच. शिट्टी म्हणायची, "आजोबा, सोडा आता, मी आहे ना जवळ." हे म्हणायचे, "सोडलीत की." कसली सोडली होती? दाबून दाबून बोटांची टोकं पांढरी पडलेली मला लांबून दिसायची.

मी मागच्या बाकावर विणकाम घेऊन बसायचे. शिट्टीने एकदा मलाही खुर्ची देऊ केली. मला काय धाड भरलीय, म्हटलं.

घरी तर विचारूच नका. पलंग, कपाट, चौकट, की मग पॅसेजची भिंत. पॅसेज अरुंद, अकरा पावलांचा. एका टोकाला झोपायची खोली, दुसऱ्या टोकाला बाथरूम आणि बाहेरची खोली. भिंतीवर हाताचे तेलकट डाग पडायचे, आणि मी बाजारात गेले की हे गुपचूप ब्रश काढून त्यावर रंग मारायचे. मला कळत नाही असं त्यांना वाटायचं. वाटू दे, म्हटलं, माणसाची अब्रू आहे. ठिगळं मात्र दोन उंचींवर असायची. एक रांग कमरेच्या वर, दुसरी तिच्याखाली वीतभर. जास्त घाबरतात त्या दिवशी हे वाकून चालत असतील, असा मी अर्थ लावला आणि उगीच आणखी घाबरले.

परवा चाकांची पिशवी ढकलत घरी आले तर घरभर ऑइल पेंटचा वास. ठिगळं उठून दिसायला लागली म्हणून ह्यांनी दोन्ही भिंती आख्ख्या रंगवून काढल्या होत्या. आणि स्वतः पलीकडच्या टोकाला, झोपायच्या खोलीच्या दारात स्टुलावर बसले होते. चेहरा पांढराफटक.

काम नेहमी बाहेर पडायच्या दाराकडे संपवायचं, हे ह्यांनी हाताखालच्या माणसांना चाळीस वर्षं ओरडून सांगितलं. आणि स्वतःच उलटं करून बसले. का, ते मला बघताक्षणी कळलं. उजव्या हातात ब्रश आणि डावा हात पुढच्या कोरड्या भिंतीवर. जसजसं रंगवत गेले तसतसे कोरड्याच्या आधाराने आत सरकत गेले, आणि कोरडं संपलं.

"वाळेपर्यंत पडून राहा आत," मी म्हटलं.

"सहा तास? मला बाथरूमला जायचंय. कधीचा थांबलोय."

"मग लावा हात भिंतीला. खड्ड्यात गेला तो रंग."

"ओल्या रंगावर हात टिकत नाही गं, सटकतो."

"थांबा, मी येते धरायला."

"नको. ती पोरगी काय म्हणाली? एकमेकांना धरायला गेलं की दोघं पडतात."

मग हे उठले. हात न टेकता उठले, हे मला नंतर आठवलं. "पायांकडे बघू नका," मी म्हटलं, "माझ्याकडे बघा." एक पाऊल. दोन. दोन्ही हात अंगापासून लांब, बोटं भिंतीकडे ओढ घेतायत आणि हे ती मागे घेतायत. पाच. सहा. सातव्या पावलाला उजवा गुडघा लचकला आणि सगळा देह उजवीकडे गेला. मी पुढे धावले. ह्यांनी पाय फाकवले, गुडघे वाकवले, शिट्टीने शिकवलं होतं तसं, आणि डुगडुगत थांबले. पडले नाहीत.

उरलेली पावलं टाकून हे माझ्यापर्यंत आले. पण माझ्याकडे बघेनात. माझ्या बाजूच्या भिंतीकडे बघत राहिले. ओल्या रंगात माझा पंजा उमटला होता आणि हात अजून तिथेच होता. मी धावले वगैरे काही नव्हते. दोन पावलं टाकली होती, तीही भिंत धरून.

"तुम्ही डगमगलात म्हणून घाईत लागला," मी म्हटलं.

"खालचे डाग तुझेच आहेत," हे म्हणाले. "सगळे."

"कधीपासून?"

"मी पडायच्या आधीपासून. तुझ्या डोळ्यांना दिसू नयेत म्हणून तर ब्रश काढला."

हे बाथरूममध्ये गेले. कडी लावली नाही, आता लावतच नाहीत. मी भिंतीवरचा हात काढला आणि तो ठेवायला मला जागा सापडेना. चाकांच्या पिशवीची मूठ दोन पावलं मागे राहिली होती. मी परत त्याच पंजावर हात ठेवला आणि ह्यांनी दार उघडेपर्यंत तशीच उभी राहिले.

मंगळवारी मी मागच्या बाकाकडे गेले नाही. शिट्टीने काही न विचारता माझ्यापुढे खुर्ची आणून ठेवली. "आजी, आधी दोन्ही हात," म्हणाली. मी दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरली. पाय उचलायचा होता, तो मात्र जमिनीवरून हलेना.