एक जूनला न जन्मलेली मंगल

एक जून उजाडला की जुन्या विद्यार्थ्यांच्या वाढदिवसांनी माझा मोबाइल भरून जातो. ती तारीख मीच वाटलेली. शिरूर कासारकडच्या माझ्या शाळेत ऊसतोड्यांची पोरं यायची, जन्मतारखेचा पत्ता नसायचा. मी उंची बघायचो आणि साल ठोकून द्यायचो. वर स्वतःला लई हुशार समजायचो.

मग एका दुष्काळात पाण्याच्या टाकीचं कुलूप फोडलं म्हणून त्या पोरांतलीच मंगल पकडली गेली. माझ्या रजिस्टरात ती अठरा पार झालेली, म्हणजे रवानगी मोठ्या बायांच्या तुरुंगात. रजिस्टर बगलेत मारून मी ऐटीत कोर्टात तिच्या वयाची साक्ष द्यायला गेलो. दारातच तिच्या आईनं गाठलं.

"गुरुजी, कारखान्याचा बॉयलर पहिल्यांदा पेटला, त्या साली झाली ही. पंधराच वर्षं झाली. उंचीनं बापावर गेलीय. मला इचारलं कावून न्हाई?"

न्यायाधीशांपुढे "साहेब, हे साल मी अंदाजानं लिहिलंय," एवढं म्हणून मी रजिस्टर मिटलं. कारखान्याच्या सालावरून तिचं वय ठरलं आणि तिच्या नावापुढची एक जून खोडली गेली. तुरुंगाऐवजी ती मुलींच्या निरीक्षणगृहात गेली आणि महिन्याभरात घरी आली.

एक जूनच्या गर्दीत आता तिचं नाव नसतं. मी मात्र दरवर्षी आधी तेच शोधतो, आणि दिसलं नाही की जीव भांड्यात पडतो.