न फुटणारी संख्या

अवयव सरांना संख्या दिसली की ती फोडल्याशिवाय चैन पडत नसे. जवळा बाजारच्या स्टँडवर ट्रॅक्टर थांबला, की ट्रॅक्टरवाल्याला रामराम करायच्या आधीच ते नंबरप्लेटचे अवयव पाडून मोकळे. आमच्या शाळेत ते गणिताला होते. त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी घेत नसे.

दहावीच्या प्रत्येक वर्गाला ते फळ्यावर एकच संख्या लिहून देत, १२३४५६७. म्हणत, "फोडून दावा." आम्ही तीन, सात, अकरा असं भागत जायचो आणि शेवटी हात टेकायचो. मग सर सांगत, ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून हिला कुणाचाच भाग जात नाही. गावाने त्यांचा शब्द इतका धरला, की हट्टी माणसाला आमच्याकडे अजून 'सरांची संख्या' म्हणतात. माझ्या लग्नात मामांनी सासूबाईंना माझ्याबद्दल हेच सांगून ठेवलं होतं.

आता त्याच शाळेत मी गणित शिकवते. म्हणजे सर्व्हे, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती यांतून जीव उरला तर शिकवते. अशाच एका पिचलेल्या दुपारी सहज म्हणून सरांची संख्या मोबाइलवर टाकली. क्षणात उत्तर आलं, १२७ गुणिले ९७२१. म्हणजे सरांची संख्या फुटत होती.

सर तेव्हा वसमतला लेकीकडे अंथरुणाला खिळले होते. या वयात त्यांना हे सांगावं का? पण फळ्यावर चुकीचं उत्तर राहिलेलं त्यांना कधीच खपलं नव्हतं, आणि उद्या तीच संख्या मला वर्गात द्यायची होती. एसटी धरली, गेले आणि सांगितलं.

सर चिडले नाहीत. कागद मागून त्यांनी गुणाकार केला. मधेमधे डोळे मिटून पडत होते. उत्तर बरोबर आल्यावर म्हणाले, "मी एकशे तेरापर्यंत गेलतो. इलेक्शनच्या ड्युटीवरून आलतो, लई दमलो होतो. म्हनलं, इथवर फुटली न्हाई म्हंजे न्हाईच फुटत."

एकशे तेराच्या पुढची मूळ संख्या एकशे सत्तावीसच. फक्त एक भागाकार राहिला होता. ते त्यांनाही कळलं होतं.

निघताना त्यांनी हात धरला. "आता त्या नऊ हजार सातशे एकवीसचं बघ. मोबाइलवर न्हाई, हातानं. अन् दमलीस तरी मधी थांबू नको, पोरी."

थोड्याच दिवसांत सर गेले. फोन आला तेव्हा मी मतदार नोंदणीच्या ड्युटीवर होते. घरी आले तर अंग नुसतं आंबून गेलेलं. तरी कागद घेऊन बसले. नऊ हजार सातशे एकवीसला सत्त्याण्णवपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरतं, पुढच्या एकशे एकचा वर्गच हिच्याहून मोठा. एकेचाळीसला उठावंसं वाटलं, एकोणऐंशीला डोळे मिटू लागले. सत्त्याण्णवने भागल्यावर बाकी एकवीस उरली.

नाही फुटत, सर. ही खरंच नाही फुटत.