वाडीत फोडलेला नारळ

आमचे हे पेटी कंत्राटदार होते. म्हणजे मोठं काम मुंबईचे शेट घ्यायचे आणि त्यातलं पाया खोदायचं, दगडमातीचं काम आमच्याकडे द्यायचे. सत्तरच्या दशकात खालापूरच्या बाजूला कारखान्यांच्या शेडी उठायला लागल्या होत्या. आमचं घर कडावला आणि कामाची माणसं कोंडाण्याच्या डोंगराखालच्या कातकरी वाडीतली. कागद ना शेटशी, ना वाडीशी. सगळा शब्दावरचा कारभार. मला तो कधीच पटला नाही, पण माझं ऐकतंय कोण!

भातझोडणी आटपली की वाडीवर वीटभट्टीचा ट्रक यायचा. तो एकदाच यायचा. बिऱ्हाडासकट माणसं भरून न्यायचा, ती पावसाच्या तोंडाशी आणून सोडायचा. तो चुकला की पुढच्या पावसापर्यंत हाताला काम नाही. भट्टीचा मुकादम भारी बेरकी. 'शेटचं काम गेलं' अशी आवई उठवून आमची माणसं फोडायचा. एका वर्षी तर त्याने आमच्या ह्यांनाच दारू पाजली आणि अख्ख्या वाडीसमोर त्यांच्याच तोंडून ते वदवून घेतलं. निम्मी वाडी ट्रकमध्ये चढली, पाया अर्धवट राहिला, शेटनी ह्यांना चारचौघांत नको नको ते सुनावलं. घरात मी सुनावलं ते वेगळंच.

मग ह्यांनी नवी पद्धत पाडली. शेटनी कामाचा नारळ द्यायचा, ह्यांनी तो वाडीत फोडायचा, घरटी एक तुकडा. ज्याने खाल्ला तो कामाला बांधला गेला. "मग कुनी काय बी सांगू दे," हे बजावायचे, "मी सोता येऊन सांगितलं तरी गाडीत बसायचं नाय!" वाडी खो खो हसायची. पण तेव्हापासून एकही माणूस फुटला नाही. शेट दुसऱ्या ठेकेदारांना आमचं उदाहरण द्यायला लागले. खोटं कशाला बोलू, मलाही त्याचा तोरा होता.

त्या वर्षी नारळ फुटला, वाटून झाला, आणि आठवडाही गेला नसेल तोच शेट दारात. चहाला नको म्हणाले. कारखान्याच्या मालकाने काम बंद केलं होतं. "माझ्या हातात काही राहिलं नाही," एवढंच म्हणाले. त्यांचा उतरलेला चेहरा बघून मला रागावताही येईना.

ट्रक दुसऱ्याच दिवशी सकाळी यायचा होता. ह्यांच्याबरोबर मीही निघाले. आम्ही पोचलो तेव्हा तो येऊन उभाच होता. हे लांबूनच ओरडायला लागले, "काम गेलं रं! खरंच गेलं! बसा गाडीत!"

वाडी हसायला लागली.

जिचा शब्द वाडीत चालायचा ती म्हातारी पुढे झाली. तिने ह्यांच्या तोंडाचा वास घेतला. "आज पिला नाय," तिने सगळ्यांना सांगितलं, "आज धमकी दिलेली दिसतेय." मुकादम ट्रकला टेकून विडी ओढत होता. मेला नेमका तिथेच उभा, मग आमच्यावर विश्वास कोण ठेवणार? मी माझ्या लेकरांची शपथ घेतली.

"वयनी, तुमाला बी पढवून आणलंय," म्हातारी मायेनं म्हणाली. "घाबरू नका. आमी नारळ खाल्लाय."

तेव्हा हे रडायला लागले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना रडताना बघत होते. वाडीला ते सोंग वाटलं. एका पोरीने तर टाळ्या पिटल्या. खरं सांगायला दोन माणसं आलेली आणि ते घेणारं कुणी नाही, इतकी हतबल मी नंतरही कधी झाले नाही. मुकादमाने विडी टाकली आणि ट्रक पलीकडच्या वाडीकडे गेला. आमच्या वाडीतलं कुणीसुद्धा त्यात बसलं नाही.

काम सुरू व्हायचं ठरलं होतं त्या दिवशी उजाडताच आमच्या अंगणात कुदळी-फावड्यांचा आवाज झाला. अख्खी वाडी आली होती, बायकांच्या डोक्यावर पाट्या, पाट्यांत तान्ही पोरं. हे आतल्या खोलीतून बाहेर येईनात. शेवटी मीच उंबऱ्यात जाऊन उभी राहिले.

म्हातारीने पाटी खाली ठेवली आणि पदराने तोंड पुसलं.

"शेटला सांगा, वयनी," ती म्हणाली, "एक बी मानूस फुटला नाय."