डिझेलच घ्यायला सांगा

“काका, उद्या माझा भाऊ तुमच्याकडं येईल. संगमेश नाव हाय त्याचं. त्याला डिझेलच घ्यायला सांगा. आन् मी फोन केला हे त्याला बोलू नका.”

एवढं बोलून बाईनं फोन ठेवला. स्वतःचं नाव नाही, गाव नाही.

मी जुन्या गाड्या तपासून देतो. सव्वीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, आता लातुरात स्वतःचं काम आहे. जुनी गाडी घेणारा मला सोबत नेतो, मी गाडी वरखाली बघतो आणि घ्या किंवा सोडा ते सांगतो. कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, याचीच मला फी मिळते. बायको म्हणते, मी भेंडी घेतानाही आधीचा मालक कोण ते विचारीन. तेव्हा त्या फोनवर माझं डोकं लगेच चालू लागलं. ही खरंच बहीण, की डिझेल गाडी विकणाऱ्यानं बोलायला बसवलेली कोणी?

दुसऱ्या दिवशी संगमेश आला. तिशीतला, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. त्याला एक स्पोर्टी हॅचबॅक हवी होती. म्हणजे मागं वेगळी डिकी नसलेली छोटी गाडी, पण सस्पेन्शन कडक, चाकं रुंद आणि पिकअप जोरात. आता ते मॉडेलच कंपनीनं बंद केलंय, म्हणून जुन्यातच बघत होता.

“दोन गाड्या हायत,” तो म्हणाला. “पेट्रोल लोह्याला, डिझेल विष्णुपुरीला. दोन्ही पाच-पाच वर्षांच्या.”

“रोजचं रनिंग किती?”

“घर ते दुकान. जाऊन येऊन बारा किलोमीटर.”

इथंच विषय संपायला हवा होता. अलीकडच्या डिझेल गाडीत धूर बाहेर जाण्याच्या वाटेवर काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. त्याला डीपीएफ म्हणतात. त्यात साचलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी ती अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात पळावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्याची काजळी साचत जाते, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि शेवटी इंजिन ओढायचंच सोडतं. बारा किलोमीटरवाल्यानं पेट्रोल घ्यावी. हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल, त्याची गणती नाही.

“लोह्याची गाडी कोणाची?” मी विचारलं.

“दाजींची. विश्वनाथअप्पा, आमच्या ताईचे मालक. तिथं कृषी सेवा केंद्र हाय त्यांचं.”

“बहिणी किती तुम्हाला?”

“एकच की. कामून?”

“सहज,” मी म्हणालो. पण मनातला संशय आता दुप्पट झाला. सख्खी बहीण चोरून फोन करते, आणि आपल्याच नवऱ्याची गाडी भावानं घेऊ नये म्हणते. हे काय प्रकरण?

दोन्ही गावं नांदेडच्या रस्त्यावरच. आम्ही माझ्या गाडीनं निघालो. अहमदपूर मागं पडल्यावर संगमेशनं मला समज दिली.

“सर, विष्णुपुरीची गाडी पार खोलून बघा. पण लोह्याला काय चेक करायचं न्हाई. तुम्ही माझे दोस्त म्हणून जेवायला आलाव, एवढंच.”

“मग मला नेता कशाला?”

“नुसती वरवर नजर टाका. दाजींची गाडी तपासायला माणूस आणला म्हणल्यावर त्यांला काय वाटंल? बोलणी ताईला खावी लागतेत. आधीच माझं तोंड लई फाटकं. तिच्या लग्नात मानपानावरून मी एवढा बोललो की वर्षभर तिला माहेरी धाडली न्हाई त्यांनी.”

आमच्याकडं ही रीतच आहे. परक्याची गाडी चाकापासून छतापर्यंत तपासतील, पण पाहुण्याच्या गाडीचं बॉनेट उघडणं म्हणजे त्याची अब्रू काढणं. माझ्या अनुभवात सर्वांत खराब गाड्या पाहुण्यांकडूनच आलेल्या आहेत. तसं बोलून दाखवलं असतं तर तो वाटेतच उतरला असता.

“आता बरी हाय ताई?” मी उगाच विषय वाढवला.

“बरी म्हणायची. दीडेक वर्षाखाली न्हाणीत घसरली, खांद्याचं हाड मोडलं. त्या साली राखीलासुदिक आली न्हाई.”

विष्णुपुरीची डिझेल गाडी एका निवृत्त प्राध्यापकांची. मीटरवर अडतीस हजार किलोमीटर. पाच वर्षांची डिझेल आणि फक्त अडतीस? मी मनातल्या मनात हसलो आणि स्कॅनर काढला. मीटर मागं फिरवणारे डॅशबोर्डवरचा आकडा बदलतात. पण गाडीत आणखी दोन-तीन ठिकाणी तो लिहिलेला असतो, तिथं बहुतेकांचा हात पोचत नाही. मी सगळीकडं पाहिलं. अडतीस, अडतीस, अडतीस. पेडलची रबरं, स्टिअरिंगचं कातडं, सीटची कड, सगळं त्याच वयाचं. डीपीएफमध्ये काजळीही फारशी नव्हती.

“सर, गाडी चालवली कुठं तुम्ही?” मी जरा पोलिसी आवाजात विचारलं.

“महिन्यातून एकदा हैदराबाद. लेक असते तिथं. एरवी मी सायकलवर,” प्राध्यापक म्हणाले आणि अंगणातली सायकल दाखवली. मी तिचीही चेन बघून घेतली. तेल घातलेलं होतं.

गाडी स्वच्छ निघाली याचं मला थोडं वाईटच वाटलं, हे कबूल करतो.

परत येताना लोह्याला थांबलो. विश्वनाथअप्पा दारातच उभे होते. पांढरा शर्ट, कपाळाला भस्म, बोलणं अगदी मऊ. दारात लाल हॅचबॅक धुऊन पुसून उभी. ती बघून संगमेशचा चेहरा असा खुलला की हा आता माझं काही ऐकणार नाही, हे मला कळून चुकलं.

“एक ओरखडा न्हाई बघा गाडीला,” अप्पा म्हणाले.

न विचारता दिलेली ग्वाही मी मनात लिहून ठेवतो. आतून आवाज आला, “काका, पाणी घ्या.” हाच आवाज फोनवर होता. शिवलीलाताई माझ्याकडं न बघता तांब्या ठेवून गेली. जेवताना वरच्या फळीवरचा चटणीचा डबा काढायला तिनं डावा हात उचलला, अर्ध्यावर थांबवला आणि उजव्या हातानं डबा काढला. मी धपाटं खात होतो, पण नजर तिकडंच होती.

जेवण झाल्यावर मी म्हणालो, “अप्पा, गाडीत जरा बसून बघू का? एसी कसा थंड करतो ते.”

एसीला कोण नाही म्हणणार! संगमेश आणि अप्पा ओसरीवर पान लावत बसले. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, बेल्ट पूर्ण बाहेर ओढला आणि खालच्या टोकाचं लेबल वाचलं. बेल्टवर तो बनल्याचा महिना आणि साल छापलेलं असतं. गाडी पाच वर्षांची, बेल्ट दोन वर्षांचा. शेजारच्या सीटचा बेल्ट ओढला. तोही दोनच वर्षांचा.

बेल्ट लोक हौसेनं बदलत नाहीत. जोराची धडक झाली की बेल्टच्या आत एक बारीक स्फोट होतो आणि पट्टा माणसाला सीटशी आवळून धरतो. हे एकदाच होतं, मग तो बेल्ट निकामी. अशा धडकेत बहुतेक वेळा एअरबॅगही फुटतात.

डॅशबोर्डचा कप्पा काढला की त्याच्या मागं एसीचा फिल्टर असतो. कोणी विचारलंच तर तेच सांगायचं ठरवून मी कप्पा काढला आणि मोबाइलचा उजेड वर मारला. शेजारी बसणाऱ्यापुढची एअरबॅग जिथं असते, ती जागा रिकामी होती. तिच्या दोन वायरी एका शेंगदाण्याएवढ्या तुकड्याला जोडलेल्या. तो तुकडा गाडीच्या कॉम्प्युटरला सांगत राहतो की एअरबॅग जागेवर आहे. म्हणून डॅशबोर्डवर दिवा नाही, स्कॅनरवर दोष नाही. स्टिअरिंगचं झाकणही पाहिलं. रंग जुळवलेला, पण कड एका बाजूला उचललेली. आतली बॅगही नसणार.

मी तसाच बसून राहिलो. दोन्ही बेल्ट उडाले होते, म्हणजे त्या दिवशी गाडीत दोघं होती. आपल्याकडं शेजारी बसणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून बेल्ट जातो. न्हाणीत कोणी घसरलं नव्हतं.

मला भयंकर राग आला. सख्ख्या मेव्हण्याला हा माणूस एअरबॅग नसलेली गाडी देत होता, आणि तीही जोरात पळण्यासाठीच घेतात तसली. “अप्पा, एक मिनिट या. एसीचं बटण समजंना,” मी हाक मारली. ते शेजारी येऊन बसले. मी काच वर केली आणि त्यांच्या पुढ्यातल्या रिकाम्या जागेवर उजेड मारला.

अप्पांच्या तोंडातलं पान तसंच राहिलं.

“कुठं झालं?” मी विचारलं.

“कंधार फाट्याजवळ. मीच जोरात होतो. ट्रॅक्टर आडवा आला.” आवाज पार खाली गेला होता. “तिच्या माहेरी कळलं तर तुटलंच असतं सगळं. संगमेशचा स्वभाव तुम्हाला ठावं न्हाई. तिलाच म्हणलो, न्हाणीत पडले म्हण.”

“आणि एअरबॅग?”

“गॅरेजवाला म्हणला, दिवा लागत न्हाई, कुणाला कळत न्हाई.”

“तुमच्या मेव्हण्यालाही?”

बाहेर ओसरीच्या खांबाला टेकून शिवलीलाताई आमच्याकडंच बघत होती. तेव्हा मला त्या फोनचा अर्थ लागला. खरं सांगावं तर भाऊ नवऱ्याच्या अंगावर जाणार. गप्प बसावं तर भाऊ त्या गाडीत बसणार. तिनं मधली वाट शोधली होती, इंधनाची. आणि ती मोकळी करणं माझ्या हातात होतं.

“अप्पा,” मी म्हणालो, “एअरबॅग बसल्याशिवाय ही गाडी कुणालाच द्यायची नाही. महिन्यानं मी स्वतः येऊन हा कप्पा काढून बघणार. नसली, तर संगमेशला मीच सांगीन.”

त्यांनी मान हलवली.

मग ओसरीवर बसून मी आयुष्यातला सर्वांत खोटा सल्ला दिला. पेट्रोलचं टर्बो इंजिन आपल्या उन्हात तापतं, डिझेलला ओढ जास्त, पुढं दुकानाचा माल आणायला नांदेड-सोलापूर वाढेलच, असं काहीबाही बोललो. माझ्या हाताखालच्या पोरानं असं सांगितलं असतं तर मी त्याला कामावरून काढलं असतं.

“पण सर, माझं बाराच किलोमीटर…”

“डिझेलच घ्या.”

संगमेश हिरमुसला. दाजींकडं बघून ओशाळला. “राहू द्या हो,” अप्पा घाईनं म्हणाले, “सर सांगायलेत तर ऐका.” त्या घाईचाही संगमेशला संशय आला असावा, कारण लातूर येईपर्यंत तो माझ्याशी चार वाक्यं बोलला नाही.

महिन्यानं मी लोह्याला गेलो. अप्पांनी फोटो पाठवले होते, पण फोटो काय, कोणत्याही गाडीचा काढता येतो. कप्पा काढला. एअरबॅग होती, तिच्यावर कंपनीचा नंबर होता. दुसरीही पाहिली. अप्पांनी गाडी विकायचा विचारच सोडला होता.

चौथ्या महिन्यात संगमेश माझ्या दारात. डिझेलच्या डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा.

“मी इंटरनेटवर बघितलं,” तो उभ्यानंच म्हणाला. “बारा किलोमीटरला डिझेल म्हणजे मूर्खपणा. तुम्हाला हे ठावं नव्हतं का? त्या प्रोफेसरकडून किती कमिशन घेतलं, सांगा.”

सगळ्यांवर संशय घेणारा मी, माझ्यावर कोणी घेतला की किती लागतं ते त्या दिवशी कळलं. उत्तर जिभेवर होतं. मी ते गिळलं.

“लांब जायचं आहे का कुठं?”

“ताई आलीय माहेरी. उद्या लोह्याला सोडायचं हाय.”

“मग गाडी सत्तरच्या आसपास ठेवा. दिवा जाईपर्यंत मधे थांबवू नका, बंद करू नका.”

तो दार आपटून गेला. चार लोकांत तो माझं नाव कसं खराब करणार, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

“सर, ताईनं सांगितलं सगळं.”

“कसं काय?”

“लातूर सोडल्यापसून मी तुम्हाला शिव्या द्यायलो होतो. कमिशनखाऊ म्हणलो. ऐकता ऐकता ती रडायलीच. म्हणली, काकांना काय म्हणू नको, मला म्हण. आन् सगळं सांगितलं. माझं डोकं फिरलं. गाडी बाजूला घ्यायलो, दाजीला फोन लावायलो, की ताईनं फोनच हिसकून घेतला. म्हणली, काकांनी थांबवू नको म्हणलंय ना? चाल गुमान.”

“मग?”

“मंग काय. चालवली. चाकूरच्या पुढं दिवा गेला. तवर ताई बोलत होती, मी ऐकत होतो. चहाला थांबलो तवर डोकं थंड झालं होतं.”

“लोह्याला गेलात?”

“गेलो. जेवलो. निघताना दाजीला एकच बोललो. म्हणलं, ताई शेजारी बसली असली की साठच्या वर जायचं न्हाई.”

“काय म्हणाले?”

“हाव म्हणले.”

संगमेशकडं अजून तीच डिझेल आहे. महिन्यातून एकदा दिवा लागला की तो लोह्याला जाऊन येतो. मी मात्र माझ्या तपासणीच्या यादीत एक ओळ वाढवली आहे. गाडीबद्दल कोणी विनाकारण आग्रह धरला, तर बॉनेट नंतर उघडायचं, आधी त्या माणसाला विचारायचं, कशासाठी.